पिवळा सांगितला होता, शेठ

पेंटरशेठ यांसी,



पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय, त्याबद्दल राग नसावा. फोन तुम्ही उचलत नाही आणि दुकानात यावं तर पोरगा सांगतो, 'शेठ आत्ताच जेवायला गेले.' सकाळी साडेदहाला गेले, दुपारी चारला गेले, संध्याकाळी सातलाही गेलेलेच. तुमची भूक अशीच शाबूत राहो.

आधी अभिनंदन करतो. माझी काळी स्प्लेंडर इतकी वर्षं पुण्याच्या रस्त्यावर फिरली, पण तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता सिग्नलला थांबलो की शेजारचा हेल्मेटची काच वर करून विचारतो, 'काका, हा कुठला कलर?' परवा एका रिक्षावाल्यानं आपल्या पॅसेंजरला दाखवून विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर देतो, कारण उत्तर उन्हावर अवलंबून आहे. सकाळी गाडी कच्च्या कैरीकडे झुकते, दुपारी मोहरीच्या तेलाकडे. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काय होतं, ते मला शब्दांत मांडता येत नाही.

सांगितला होता पिवळा. लख्ख पिवळा. मुलीला कॉलेजला गाडी न्यायची होती आणि तिची अट एवढीच होती की दूधवाल्याची वाटू नये. मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, 'शेठ, काळ्यावर पिवळा नीट बसेल ना?' तुम्ही चहाचा घोट घेत म्हणालात, 'कुठलाही कलर सांगा, रेट एकच. साडेतीन हजार. गणपतीच्या आत गाडी दारात.' गाडी गणपतीच्या आत आली, हे कबूल. रेट एकच होता, हेही कबूल करायला हवं, कारण तो फक्त पहिला होता. त्याच्या खाली आणखी सात होते.

तुमचं बिल मी जपून ठेवलंय. पेंटिंग ३,५००. कलर चेंज एक्स्ट्रा १,५००. खोलणे-बसवणे ८००. लांबी ९००. लॅकर १,२००. स्टिकर ६५०. बफिंग ५००. बाकी सामान ४००. एकूण ९,४५०. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर इतका सुवाच्य हिशोब मी पूर्वी पाहिला नव्हता. बेरीजही बरोबर आहे. अख्ख्या कामात बरोबर निघालेली तेवढी एकच गोष्ट, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

'कलर चेंज एक्स्ट्रा' वाचून माझ्या बायकोनं विचारलं, 'अहो, कलर चेंज करायलाच तर गाडी दिली होती. मग पहिले साडेतीन हजार कशाचे?' मी तिला म्हटलं, ते शेठना विचारू. तर शेठ जेवायला.

मग मी नाद सोडला आणि गाडीलाच विचारायचं ठरवलं. तुम्ही जे जे केलं नाहीत ते सगळं ती हळूहळू सांगत गेली. साक्षीदार म्हणून गाडी चांगली. उलटतपासणीत फुटत नाही, उलट उन्हात ठेवली की जास्त बोलते.

पिवळ्यापासून घेऊ. पिवळा आणि लाल हे झाकणशक्तीला कमी. करड्या-चंदेरीचे एक-दोन हात जिथे पुरतात, तिथे पिवळ्याला खाली पांढरी जमीन लागते. पांढरा प्रायमर-सर्फेसर मारायचा, तो घासून सपाट करायचा, मग पिवळ्याचे हात चढवायचे. काळ्यावर थेट पिवळा मारला की खालचा काळा वर डोकावतो, आणि काळ्यावरचा पातळ पिवळा डोळ्याला हिरवट दिसतो. हे गुपित नाही. शाळेत रंगपेटीतल्या पिवळ्यात काळं बोट बुडवलेल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. तुम्ही पांढरा वाचवलात आणि मला शेवाळी दिलात. एक्स्ट्रा १,५०० त्या न मारलेल्या पांढऱ्याचे असावेत असा माझा अंदाज आहे.

आणि शेठ, शेवाळी ही साधी गोष्ट नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी. बाकी कुणाच्याही वाहनाला तो द्यायचा नाही. मी पिवळी मागितली आणि तुम्ही संध्याकाळच्या उजेडात मला जवळजवळ लष्करात भरती केलंत. खडकीच्या बाजूनं जाताना मी हल्ली जरा जपून जातो. एखाद्या जवानानं सॅल्यूट ठोकला तर परत काय करायचं असतं, ते मला येत नाही.

पुढचा साक्षीदार उजवं साइड पॅनल. मुलीच्या बॅगेची चेन त्याला घासली आणि रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सोलून निघाला. खाली तोच जुना काळा, चकचकीत, कंपनीतून आला तसा. म्हणजे काचपेपर त्याच्या जवळूनही गेला नव्हता. टाकी लोखंडी पत्र्याची असते, पण साइड पॅनल, शेपटी, हेडलाइटचा व्हायझर हे प्लॅस्टिक. प्लॅस्टिक रंग सहजी धरून ठेवत नाही. जुना पृष्ठभाग घासून खरबरीत करायचा, तेलकटपणा पुसून काढायचा, जिथे उघडं प्लॅस्टिक दिसेल तिथे प्लॅस्टिकसाठीचा वेगळा प्रायमर द्यायचा, तेव्हा कुठे रंग पकड घेतो. यातलं काहीच न करता रंग उभा राहिला कसा, हाच मला प्रश्न पडलाय. बहुतेक तुमच्या धाकानं.

तिसरी साक्ष पेट्रोलपंपावर झाली. भरताना दोन थेंब टाकीच्या झाकणाशी सांडले. पुसायला रुमाल काढेपर्यंत तिथला रंग फुगला, सुरकुतला आणि रुमालावर आला. पंपावरचा पोरगा म्हणाला, 'काका, हे टू-के नाहीये.' पंपावरच्या पोराला जे दोन थेंबांत कळलं ते सांगायला तुम्ही माझ्याकडून लॅकरचे १,२०० घेतलेत. टू-के म्हणजे रंग नाहीतर क्लिअर एका डब्यात आणि हार्डनर दुसऱ्या डब्यात. मारायच्या आधी मापानं एकत्र करायचे, मग त्यांची आपसांत रासायनिक गाठ बसते आणि पेट्रोल सांडलं तरी ती सुटत नाही. साधं नायट्रोसेल्युलोज लॅकर नुसतं थिनर उडून वाळतं. त्यामुळे थिनर किंवा पेट्रोल भेटलं की ते पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर जातं. तुमच्या पाटीवर 'ड्युको' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय ना, ते हेच. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं आणलेलं. जनरल मोटर्सनं १९२४ च्या ओकलंड गाड्यांना मारलं तेव्हा जगभर कौतुक झालं, कारण आधीच्या व्हार्निशला वाळायला आठवडे लागायचे आणि हे तासांत वाळायचं. तुम्ही परंपरा जपता याचा आनंद आहे. फक्त शंभर वर्षांपूर्वीच्या मालाला भाव आजचा लावता, एवढंच.

हार्डनरवरून एक बोलून घेतो, थट्टा बाजूला ठेवून. तुमच्याकडे तो पंधरा-सोळाचा वाटणारा पोरगा नाकावर हातरुमाल बांधून गन मारत होता. टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते श्वासात गेले तर दमा जडतो, आणि एकदा शरीराला त्याची अ‍ॅलर्जी बसली की पुढे जरासा वासही सहन होत नाही. त्यासाठी योग्य मास्क लागतो, मोठ्या कारखान्यांत तर बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा. हातरुमालाचा काहीही उपयोग नाही. तेव्हा हार्डनर न वापरून तुम्ही मला फसवलंत, पण त्या पोराच्या फुफ्फुसांवर उपकार केलेत. माझ्या १,२०० रुपयांचं कुठेतरी पुण्य लागलं म्हणायचं. त्याला मास्क आणि शाळा मिळाली असती तर जास्त लागलं असतं.

टाकीच्या वरच्या बाजूला दुधाळ ढग दिसतात, तो पावसाचा प्रसाद. ऐन आषाढात, रस्त्याकडेच्या ताडपत्रीखाली, लॅकर मारलंत. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर पांढुरकं पडतं. पावसाळ्यात बंद खोली, सावकाश उडणारं थिनर आणि कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर लागतो. तुमच्या नळीला काय होतं ते मी पाहिलंय: चिंधी. ढगांच्या थोडं खाली एक डासही लॅकरमध्ये आहे, पंखांसकट. त्याचे पैसे लावले नाहीत, ही नजरचूक समजतो.

लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, ९०० घेतलेत. इथे तुम्ही सढळ होतात, मान्य. टाकीला डाव्या अंगाला पोचा होता. पोचा आतून काढायचा किंवा बाहेरून ओढायचा, आणि उरलेल्या बारीक खाचेपुरती लांबी भरायची, ही रीत. घरच्या फ्रिजवरचं चुंबक मी टाकीवर फिरवून पाहिलं. सगळीकडे चिकटलं, डाव्या बाजूला मात्र हातात पडलं. खाली पत्रा इतका दूर गेलाय की चुंबकाला सापडत नाही. पोचा जिथल्या तिथे ठेवून तुम्ही त्यावर भरणा केलात. जाड लांबीला पुढे तडे जातात, आणि माझ्या टाकीवर पहिली केसाएवढी रेघ आता उमटलीय. तुम्ही दिलेली गॅरंटी तोंडी होती, त्यामुळे ती मला दाखवता येत नाही. रेघ दाखवता येते.

आता माझा लाडका आकडा: खोलणे-बसवणे, ८००. सीट उचलली की खाली काळी गाडी आहे. पॅनलच्या मागे काळी गाडी आहे. टाकीच्या पोटाशी काळी गाडी आहे. मग खोललं काय? वर्तमानपत्र चिकटवून गाडी उभी होती तशीच फवारलीत. पुढच्या फोर्कवर कागदाचा एक कपटा अजून आहे, त्यावर 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' एवढं स्पष्ट वाचता येतं. क्लचची केबल पिवळी, स्पीडोमीटरची केबल पिवळी, इंजिनाच्या फिन्सवर पिवळे ठिपके. टाकी उतरवली नाहीत, पण टाकीतलं पेट्रोल मात्र पूर्ण उतरवलंत. गाडी घ्यायला आलो तेव्हा ती तुमच्या दारातून पहिल्या चढापर्यंत गेली आणि नंतर मी तिला नेली.

एक वस्तू मात्र तुम्ही खरोखर खोललीत: मागची नंबरप्लेट. ती हाय सिक्युरिटी प्लेट आहे, शेठ. तिचं कुलूप एकदाच बसतं. काढायचं म्हणजे तोडायचं. महाराष्ट्रात जुन्या दुचाकींना ती बसवायचा दर जीएसटी सोडून ४५० रुपये. आम्ही नंबर लावून, तारीख घेऊन ती बसवली होती. तुम्ही ती स्क्रूड्रायव्हरनं उचकटून तारेनं बांधून दिलीत. तारही पिवळी मारलीत. तेवढ्यावर मात्र पिवळा अगदी खरा बसलाय.

स्टिकरबद्दल थोडक्यात. डावा-उजवा अशी जोडी येते. तुम्ही दोन्ही डावे लावलेत. त्यामुळे उजवीकडून पाहणाऱ्याला गाडी रिव्हर्समध्ये चालल्यासारखी वाटते. ६५० घेतलेत, आणि चर्चेला विषय दिलात.

तुम्ही म्हणाल, साडेतीन हजारांत काका याहून काय होणार. अगदी हेच मला म्हणायचंय. मी नंतर दुसऱ्या एका पेंटरकडे गाडी घेऊन गेलो. मास्क गळ्यात, शेडची जमीन पाणी मारून ओली केलेली, कारण धूळ बसली पाहिजे. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, तुमच्या कामावर अंगठ्याचं नख फिरवलं आणि काही बोलला नाही. धंद्यातल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, एवढी सभ्यता त्याच्याकडे होती. माझ्याकडे ती नाही, म्हणून हे पत्र.

त्यानं हिशोब मांडला तो असा. सामान म्हणजे रंग, क्लिअर, हार्डनर, प्रायमर, थिनर, पेपर मिळून तीन हजारांच्या आसपास. त्यातला नुसता पिवळा अर्धा लिटरही लागत नाही. उरलेले सगळे पैसे हाताचे. सुटे भाग उतरवायचे. जुना रंग घासायचा, आधी जाड पेपरनं, मग चारशेनं. प्रायमर मारून पुन्हा घासायचा, आठशेनं. रंगाचे दोन-तीन हात, दोन हातांमध्ये सुकायला वेळ. क्लिअर. मग दोन हजार नंबरच्या पेपरनं पाणी लावून घासून बफिंग. त्याच रंगात पुन्हा रंगवायचं तर आतले कोपरे सोडले तरी चालतात, कारण आतलं आणि बाहेरचं जुळतं. रंग बदलायचा तर सीटखालचा, पॅनलच्या मागचा, टाकीच्या पोटाचा एकेक कोपरा गाठावा लागतो, नाहीतर जुना रंग फटीफटीतून हसतो. म्हणून रंग बदलण्याचा दर जास्त. चासी ठेवायची काळीच. तीही बदलायची म्हटली तर इंजिन उतरवा, पावडर कोटिंगच्या भट्टीत पाठवा, वेगळा खर्च. सगळं मिळून त्यानं आकडा सांगितला: बारा हजार. वर दोन हजार.

'वरचे दोन हजार कशाचे?' मी विचारलं.

'आधीचं काढायचे,' तो म्हणाला.

म्हणजे शेठ, बाजारात तुमच्या कामाला किंमत आहे, उणे दोन हजार. तुम्ही पहिल्याच दिवशी 'बारा हजार होतील' म्हणाला असतात तर मी दिले असते, नाहीतर गाडी काळीच ठेवली असती. दोन्हींत मी आज आहे त्याहून बरा असतो. पण तुम्ही आकडा लहान सांगता, कारण आकडा ऐकूनच गिऱ्हाईक आत येतं. आणि मग तो हप्त्याहप्त्यानं मोठा करता, कारण एकदा गाडी ताडपत्रीखाली गेली की गिऱ्हाईक बाहेर जाऊ शकत नाही. शेजारचा बारा हजारवाला प्रामाणिक माणूस माशा मारतो तो तुमच्या साडेतीन हजारांच्या पाटीमुळे. माझ्यापेक्षा मोठं नुकसान त्याचं आहे.

आता सरकारकडे वळू. आरसी बुकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्याचं काय, हे मी तुम्हाला काम देतानाच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'कोण बघतंय.' मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ बघतं. गाडीचा तपशील आरसीशी जुळला पाहिजे, फेरफार केला तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचा, आरसी आणि फी सादर करून नोंद करून घ्यायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला मालकाच्या नावावर प्रत्येकी पाच हजारांच्या दंडाची आणि कैदेचीही तरतूद आहे. मालकाच्या, शेठ, पेंटरच्या नव्हे. तुमचं नाव कुठेच येत नाही, इथेही नाही.

मी अर्ज भरायला बसलो आणि 'नवीन रंग' या रकान्यापाशी अडलो. पिवळा लिहावं तर निरीक्षक गाडी पाहून मला खोटं ठरवणार. दिसतो तो लिहावा तर संरक्षण खातं आडवं येणार. शिवाय निरीक्षक चासी नंबर पडताळून पाहणार, आणि हँडलखालच्या मानेवर कोरलेला तो नंबर तुम्ही रंगानं असा भरून काढलात की आठ, तीन आणि शून्य ही सगळी एकाच घरची भावंडं वाटतात. चोरीची गाडी असल्याचा संशय माझ्यावर कुणी आजवर घेतला नव्हता. तीही हौस तुमच्यामुळे फिटेल.

माझ्या मागण्या फार नाहीत. पैसे परत मागत नाही, कारण ते तुम्ही जेवलात. तीन गोष्टी कराव्यात. एक: नंबरप्लेटचं तोडलेलं कुलूप तुमच्याकडे राहिलंय, ते त्या पोराच्या हाती पाठवावं. त्याला रिक्षाचे पैसे मी देईन. दोन: नंबरप्लेटच्या कुलपाचे पैसे, जीएसटीसह. तीन: पाटीवर 'साडेतीन हजारपासून पुढे' असं लिहावं. 'पासून पुढे' हे शब्द रंगवायला तुम्हाला फारसा खर्च येणार नाही. प्रायमर तसाही तुम्ही मारत नाही.

मुलगी सध्या पीएमपीनं कॉलेजला जाते. दुसरा पेंटर येत्या शनिवारी गाडी खोलणार आहे. टाकीला त्याला रिमूव्हर आणि दोन दिवस लागतील, पण पॅनलांवरचं तुमचं काम तो म्हणतो नखानंच निघेल, म्हणून दोन हजारांतले तीनशे त्यानं आपणहून कमी केलेत. त्या तीनशे रुपयांबद्दल मी तुमचा ऋणी आहे.

कळावे. लोभ आवरावा, ही विनंती.

आपला,
एक (पूर्वीचं) गिऱ्हाईक